मधुमेह, मोबाइल आणि आईची भाकरी

वार्षिक अंकासाठी लेख मागायला आलेल्या मैत्रिणीला मी विषय सांगितला, तेव्हा ती म्हणाली, "हे सायन्सवाल्यांनी लिहावं. आपल्या अंकात मधुमेह कशाला?" तिचा प्रश्न रास्त होता. मी मराठी विषय घेऊन तृतीय वर्षात शिकते. स्वादुपिंड शरीरात नेमके कोठे असते असे मला दोन वर्षांपूर्वी कोणी विचारले असते, तर मी पोटाकडे मोघम बोट दाखवले असते. परंतु घरात मधुमेह आला की तो शाखा विचारून येत नाही. शिवाय ज्या साधनाविषयी मी लिहिणार आहे, ते मोबाइलमधले आहाराचे ॲप, आज आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात आहे किंवा असू शकते. वसतिगृहातल्या निम्म्या मुली वजन कमी करण्यासाठी ते वापरतात आणि निम्म्या महिन्याभरात सोडून देतात. मी ते आईसाठी वापरले. त्यात जे शिकले, आणि एकदा जी चूक झाली, ती येथे लिहिते.

आमचे गाव मंगळवेढा तालुक्यात. ज्वारीचा मुलूख. जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर आमच्या गावाजवळच भरले होते. रक्ततपासणीच्या टेबलाशी नावे लिहून घ्यायचे काम माझ्याकडे होते. आई मला भेटायला डबा घेऊन आली आणि रांगेत बायका कमी आहेत हे पाहून, केवळ मला बरे वाटावे म्हणून, तिने बोट पुढे केले. आकडा आला २६८. मी तो तिच्या नावापुढे माझ्याच हाताने लिहिला. पुढे सरकारी दवाखान्यात उपाशीपोटी तपासणी झाली, ती १७१ आली. १२६ किंवा त्याहून अधिक म्हणजे मधुमेह, हे त्या दिवशी कळले.

प्रकार थोडक्यात असा आहे. भाकरी, भात, पोहे, बटाटा यांतील पिठूळ भागाची पचनात साखर होते व ती रक्तात येते. ती पेशींत शिरावी म्हणून स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात, आणि आपल्याकडील बहुसंख्य रुग्ण याच प्रकारचे असतात, शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि हळूहळू ते कमीही पडू लागते. साखर रक्तातच रेंगाळते. ती किती रेंगाळते हे समजण्यासाठी एचबीए१सी नावाची तपासणी आहे. साखर रक्तातील तांबड्या पेशींना चिकटते, आणि त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. म्हणून या तपासणीत मागील तीन महिन्यांची सरासरी दिसते. एका दिवशी पथ्य पाळून तिला फसवता येत नाही. साडेसहा टक्के किंवा त्यावर म्हणजे मधुमेह. आईचे आले ९.१. आणि ती एकटी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा की भारतात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के.

डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितले, "भात कमी, गोड बंद, चालायचं." आई म्हणाली, "चालतेच की मी. रानात काय गाडीनं जाते?" पथ्याचे एवढे एक वाक्य घेऊन आम्ही घरी आलो. त्या एका वाक्याच्या पुढचे जे हजार प्रश्न असतात (किती भात म्हणजे कमी? ज्वारी चालते म्हणजे किती चालते? गूळ गोडात धरायचा का?) ते सोडवायला मी मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या मोबाइलमध्ये एक ॲप उतरवून घेतले.

अशा ॲपच्या पोटात डोकावले तर तीन गोष्टी सापडतात: एक वही, एक तक्ता आणि एक हटकणारा माणूस. यांतली वही सर्वांत जुनी. काय खाल्ले ते लिहून ठेवा, असे आहारतज्ज्ञ मोबाइलच्या कितीतरी आधीपासून सांगत आले आहेत. २००८ मध्ये अमेरिकेत सुमारे १७०० जणांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोजच्या रोज नोंद ठेवणाऱ्यांचे वजन नोंद न ठेवणाऱ्यांच्या मानाने जवळजवळ दुप्पट उतरले. आमच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांना मुळीच आश्चर्य वाटले नाही. माणूस स्वतःच्या वागण्याची नोंद ठेवू लागला की ते वागणे बदलू लागते, हे त्यांच्या शास्त्रात जुनेच आहे. लाडू उचलताना "आता हा लिहावा लागेल" एवढा विचार मनात आला तरी हात जरासा थबकतो. हटकणारा माणूस म्हणजे वेळोवेळी येणारे संदेश, रंगीत वर्तुळे, आलेख आणि "शाबास!" ही पाठथोपटणी. त्याच्याविषयी पुढे बोलायचे आहे.

खरा मजकूर तक्त्यात आहे. आपण 'भाकरी' लिहिले की ॲप लगेच सांगते की तिच्यात इतके उष्मांक आणि इतकी कर्बोदके. हे आकडे कोठून येतात? आपल्या देशापुरते सांगायचे तर त्यांचा मूळ झरा हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था हा आहे. ही संस्था १९१८ मध्ये कुन्नूर येथे एका छोट्या प्रयोगशाळेच्या रूपाने सुरू झाली आणि १९५८ मध्ये हैदराबादला आली. डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेले भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे पुस्तक १९७१ पासून कित्येक पिढ्यांनी वापरले. २०१७ मध्ये संस्थेने देशाच्या निरनिराळ्या भागांतून नमुने गोळा करून ५२८ खाद्यपदार्थांचे नवे तक्ते प्रसिद्ध केले. संस्थेने पुढे 'न्यूट्रिफाय इंडिया नाऊ' या नावाचे स्वतःचे ॲपही काढले. नव्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदके व १० ग्रॅम तंतू असतात. १०० ग्रॅम तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदके व तंतू तीन ग्रॅमही नाहीत. तंतू जास्त असले की पचन सावकाश होते, साखर एकदम उसळत नाही. इथपर्यंत सारे सरळ आहे.

पण तक्ता ज्वारीचा आहे, भाकरीचा नाही. ज्वारीची भाकरी करताना पीठ किती घ्यायचे हे तक्ता सांगू शकत नाही. ते आईचा हात सांगतो. माझ्या ॲपमध्ये एका भाकरीला २७ ग्रॅम कर्बोदके दिली होती. उलट गणित केले तर हे ४० ग्रॅम पिठाचे होतात. ४० ग्रॅमची भाकरी आमच्याकडे लहान मुलाला खेळायला करून देतात! मी शेजारच्या दुकानातून वजनकाटा आणला आणि आईला म्हटले, नेहमीसारखे पीठ घे. ती हसत होती. परातीतले पीठ, वर थापताना लावलेली पिठी, सगळे धरून ८४ ग्रॅम भरले. म्हणजे एका भाकरीत सुमारे ५७ ग्रॅम कर्बोदके. आई दुपारी दोन भाकऱ्या खाते. ॲपच्या हिशेबाने ५४ ग्रॅम, प्रत्यक्षात ११४. एका जेवणात ६० ग्रॅमची तूट. एवढ्या कर्बोदकांना चहाचे बारा चमचे साखर लागेल. आणि हे सगळे पथ्याची समजल्या जाणाऱ्या ज्वारीत. "ज्वारी चालते" या वाक्याला काट्यावर चढवल्याशिवाय अर्थ नाही, हे त्या दिवशी मला पटले. (शेजारच्या काकूंनी मात्र गावात बातमी पसरवली की शिकायला गेलेली पोरगी आता आईची भाकरी मोजू लागली आहे.)

वाटीचेही तसेच. ॲपला वाटी म्हणजे १५० मिलिलिटर वाटत होती. आमच्या घरात वाट्या चार मापांच्या, आणि आमटी वाढली जाते ती पळीने. 'भाजी' हा शब्द टाकला तर ॲप कांदाभजी दाखवी. 'झुणका' होता, पण तो कोणीतरी आपल्या अंदाजाने भरलेला. कारण अनेक ॲपमध्ये वापरणाऱ्यांनाही पदार्थ भरू देतात आणि ते कोणी तपासतोच असे नाही. एकच साबुदाण्याची खिचडी मला तीन निरनिराळ्या आकड्यांनी दिसली. शेंगदाण्याचे कूट किती मुठी, तेल किती पळ्या हे त्या तिघांनीही विचारले नव्हते. हल्ली ताटाचा फोटो काढला की पदार्थ ओळखणारी ॲप आली आहेत. ती नाव बरे ओळखतात. पण रश्श्यावरचा तवंग दिसला तरी त्याखाली तेल किती मुरले आहे, भातात तूप आहे की नाही, हे फोटोला कसे कळावे? पाकिटावरच्या पट्ट्या वाचणारीही ॲप आहेत. पाकिटबंद वस्तूंसाठी ती उपयोगी, कारण तेथे आकडे छापलेले असतात. फक्त ते १०० ग्रॅमचे आहेत की पाकिटाचे, हे बघावे. 'शुगर फ्री' बिस्किटात साखर नसली तरी मैदा असतो आणि त्याचीही शेवटी साखरच होते.

असो. सुट्टी संपली, मी सोलापूरला वसतिगृहात आले. आईला ॲपची इंग्रजी समजत नाही, तेव्हा ठरले असे की रोज रात्री आठला मी फोन करायचा, तिने काय खाल्ले ते सांगायचे आणि मी नोंद करायची. ॲपने तिचे वय, उंची, वजन विचारून तिला दिवसाला १४०० उष्मांकांची मर्यादा आखून दिली होती. मर्यादेच्या आत राहिले की वर्तुळ हिरवे, ओलांडली की लाल. जून महिन्यात वर्तुळे भराभर हिरवी होऊ लागली. मी मैत्रिणींना दाखवत असे.

१७ जुलै २०२४ रोजी आषाढी एकादशी होती. पंढरपूर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. आमच्या घरी एकादशी कडक. "एकादशी दुप्पट खाशी" असे आपण थट्टेने म्हणतो ते खोटे नाही: साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, १०० ग्रॅमला ८५ ग्रॅमच्या वर कर्बोदके, आणि सोबतीला बटाटा. दोन दिवस आधीच मी आईला फोनवर बजावले, "साबुदाणा अजिबात खायचा नाहीस. ॲपमध्ये केवढा लाल आकडा आहे तो!" तिने ऐकले. नेहमी ऐकत नाही, नेमके तेव्हा ऐकले. सकाळी नेहमीप्रमाणे गोळ्या घेतल्या, बिनसाखरेचा चहा घेतला, दुपारी मूठभर शेंगदाणे खाल्ले आणि देवळात गेली. दोन वाजता मी फोन करून नोंद केली. एकूण उष्मांक तीनशेच्याही खाली. वर्तुळ हिरवेगार झाले आणि पडद्यावर शाबासकी आली.

चार वाजता चुलतभावाचा फोन आला. तो तेव्हा दहावीत होता. आई देवळाच्या पायरीवर घामाने थबथबून बसली होती, हात थरथरत होते, काय बोलते ते तिलाच कळत नव्हते. बायकांना वाटले, उपासाने चक्कर आली, निजवा. पोराने शहाणपणा केला. पळत घरी जाऊन साखर मोजायचे यंत्र आणले. आकडा ५२. सत्तरच्या खाली गेलेली साखर ही तातडीची गोष्ट असते, हे मी त्याला यंत्र शिकवताना सांगितले होते, एवढेच माझ्या बाजूने म्हणता येईल. त्याने तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. आईला उपास मोडायचा नव्हता. त्याही अवस्थेत ती "साखर उपासाला चालते का" असे विचारत होती म्हणे. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, ८१. मग केळे दिले. मी इकडे वसतिगृहाच्या जिन्यात उभी होते आणि माझ्या हातातल्या फोनवर ते हिरवे वर्तुळ अजून तसेच होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या समोर ठेवून समजावले. एक मेटफॉर्मिन, ती एकटी घेतली तर साखर फार खाली जाण्याचा धोका अगदी कमी. दुसरी ग्लिमेपिराइड. ती स्वादुपिंडाला ढोसून इन्सुलिन सोडायला लावते, आणि पोटात अन्न आले आहे की नाही हे ती पाहत नाही. अशी गोळी घेऊन उपाशी राहणे हेच चुकीचे. उपास करायचा असेल तर आधी विचारायला यायचे, गोळीचे काय करायचे ते आम्ही ठरवू, स्वतः ठरवायचे नाही. आणखी एक सांगितले: साखर उतरलेला माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल तरच तोंडाने द्यायचे, बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठायचा. मग मला विचारले, "तुझ्या ॲपनं कुठली गोळी चालू आहे ते विचारलं होतं का?"

विचारले नव्हते. वय विचारले, वजन विचारले, कंबरेचा घेर विचारला. गोळी विचारली नाही. नंतर मी शांतपणे विचार केला तेव्हा कारण लक्षात आले. बाजारातील पुष्कळशी आहाराची ॲप मुळात वजन उतरवणाऱ्या निरोगी माणसासाठी बांधलेली असतात. त्यांच्या लेखी कमी खाणे म्हणजे चांगले आणि आणखी कमी खाणे म्हणजे आणखी चांगले. मधुमेह्याला हे लागू नाही. त्याला किती यापेक्षा काय, केव्हा आणि कोणत्या औषधासोबत हे पाहावे लागते. खास मधुमेहासाठी केलेली, औषध व साखरेचे आकडे एकत्र ठेवणारी ॲप वेगळी असतात. अमेरिकेत अशा एका प्रणालीला २०१० मध्येच तेथील अन्न व औषध प्रशासनाने वैद्यकीय साधन म्हणून मान्यता दिली. पण ॲपच्या दुकानात दोन्ही शेजारी शेजारी मांडलेली असतात, आणि माझ्यासारखीने चित्र पाहून पहिले उचलले. दोष ॲपचा किती आणि माझा किती, हा हिशेब मी पुष्कळदा मांडला. गोळ्यांच्या पाकिटावरचे नाव मलाही वाचता येत होते.

दिवाळीला घरी गेले. तीन महिन्यांची तपासणी झाली: ८.४. उतरले होते, पण माझ्या हिरव्या वर्तुळांच्या मानाने फारच थोडे. मग मी एक दिवस काहीच न बोलता आईच्या मागे मागे राहिले आणि ती खरोखर काय खाते ते पाहिले. पहाटे चहा, दोन चमचे साखर. गडी आल्यावर त्यांच्यासोबत दुसरा. दहा वाजता रानात रात्रीची शिळी भाकरी, चटणी. बारा वाजता चुलतभावाच्या ताटात राहिलेला भात, "टाकवत न्हाई गं." दोन वाजता जेवण. पाहुणे आले, चहा. कढईला चिकटलेला शिरा भांडे घासण्याआधी बोटाने. संध्याकाळी पुन्हा चहा. रात्री सर्वांचे झाल्यावर जे उरेल ते, मग ते अर्धी भाकरी असो की पातेलेभर भात. नुसत्या चहांतूनच पन्नास ग्रॅम साखर झाली. मी विचारले, "फोनवर दोनच चहा का सांगत होतीस?" ती म्हणाली, "बाकीचे पाहुण्यांसाठी केलेले."

ती खोटे बोलत नव्हती. मराठीची विद्यार्थिनी असूनही ही गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली. मी रोज विचारत होते, "जेवलीस का? काय जेवलीस?" आणि तिने जेवणाचे अचूक सांगितले होते. आपल्या भाषेत जेवणे वेगळे, खाणे वेगळे, तोंडात टाकणे वेगळे, आणि चहा तर या तिन्हींत नाही. पान मांडून, बसून जे होते ते जेवण. शिळी भाकरी, ताटातला उरलेला भात, कढईची खरवड हे तिच्या हिशेबात अन्न वाया न घालवण्याचे काम होते. ते ती घरकामात धरत होती. आणि ॲपमध्ये रकाने चारच: न्याहारी, दुपारचे जेवण, मधले खाणे, रात्रीचे जेवण. ते ज्याने आखले त्याच्या घरी कोणीतरी ताट वाढून देत असावे. वाढणारीचे खाणे या चार रकान्यांत बसत नाही, आणि आपल्याकडे मधुमेह झालेल्या कितीतरी बाया वाढणाऱ्याच आहेत. आमच्या अण्णांना मधुमेह झाला असता तर ते ॲप त्यांना बरोबर बसले असते, असे मी त्यांच्यासमोर म्हटले. ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या ताटात उरवायचे त्यांनी बंद केले, हे मी पाहिले.

म्हणून ॲप टाकून द्यावे का? तसे मला वाटत नाही, आणि संशोधनही तसे म्हणत नाही. २०१६ मध्ये एका नियतकालिकात १४ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात ॲप वापरणाऱ्यांचे एचबीए१सी इतरांपेक्षा सरासरी ०.४९ अंकाने अधिक उतरले. मेटफॉर्मिनसारख्या गोळीने ते साधारण एक अंकाच्या आसपास उतरते. म्हणजे ॲप ही अर्ध्या गोळीइतकी मदत, आणि तीही गोळीसोबत, गोळीऐवजी नव्हे. आपल्या देशातला दाखला मला याहून मोलाचा वाटतो. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन व सहकारी यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३७ पुरुषांचे दोन गट केले. दोन्ही गटांना सुरुवातीला सल्ला दिला. एका गटाला त्याशिवाय साध्या मोबाइलवर आहार-व्यायामाचे छोटे संदेश दोन वर्षे पाठवले. २०१३ मध्ये निष्कर्ष आले: नुसता सल्ला मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना मधुमेह झाला, संदेश मिळणाऱ्यांपैकी १८ टक्क्यांना. ना फोटो, ना वर्तुळ, ना आलेख. अधूनमधून कोणीतरी आठवण करत होते, एवढेच. केंद्र सरकारने २०१६ मध्ये अशीच संदेशसेवा मिस्ड कॉलवर सुरू केली होती.

आणखी एक मुद्दा ओझरता सांगते. आपण काय खातो, किती साखर आहे, हे सारे ॲपमार्फत कोणाच्या तरी संगणकात जमा होते. २०१८ मध्ये मायफिटनेसपाल या प्रसिद्ध ॲपच्या सुमारे १५ कोटी खात्यांची नावे, ईमेल पत्ते व सांकेतिक रूपातले पासवर्ड चोरीला गेले होते. आपल्याकडे २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला खरा. तरी आईचे पूर्ण नाव मी ॲपमध्ये घातलेले नाही. तेथे ती 'भाकरी' या नावाने नोंदलेली आहे.

आता आम्ही काय करतो? उष्मांक मोजायचे सोडले. ॲपमध्ये पदार्थ आमचे आम्ही भरले: 'आईची भाकरी, ८४ ग्रॅम', 'आईची भाकरी, ६० ग्रॅम', कारण आता ती लहान थापते, 'मोठी वाटी भात', 'पितळी पळीची आमटी'. रोज मोजतो त्या गोष्टी दोनच, भाकऱ्या आणि साखरेचे चमचे. ताटात काहीही घेतले, मग ते शिळे असो की उरलेले, की चुलतभाऊ फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतो, किंवा आई स्वतःच पाठवते. सुरुवातीला त्यात निम्मा तिचा अंगठा येई. आठवड्यातून दोनदा जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजायची, कारण पट्ट्या महाग आहेत. ती साखर फोटोखाली लिहायची. मला सर्वांत उपयोगी वाटलेला भाग हाच. दीड लहान भाकरी, मटकीची उसळ, काकडी: १५६. दोन वाट्या भात, पातळ आमटी: २१४. तोच भात एक वाटी, आधी मेथीची भाजी आणि ताक घेऊन: १६९. भाजी व प्रथिने आधी आणि कर्बोदके नंतर खाल्ल्यास साखर कमी उसळते असे २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका लहानशा अभ्यासात आढळले होते. मी ते आईला सांगितले तेव्हा तिने ऐकून घेतले, पण पटले ते स्वतःचे १६९ पाहून. आता शेजारणींना तीच सांगते. "ज्वारी चालते" म्हणणाऱ्या एका बाईला ती परवा म्हणाली, "चालते, पण किती थापतीस?" मार्च २०२५ मध्ये तिची तपासणी ७.८ आली. डॉक्टरांना ती सातच्या खाली हवी आहे.

२०२५ ची आषाढी ६ जुलैला होती. आम्ही आठवडाभर आधी दवाखान्यात जाऊन विचारले. डॉक्टरांनी त्या दिवसापुरता गोळ्यांचा बदल लिहून दिला आणि काय खायचे तेही ठरवून दिले. आईने एक वाटी वरईचा भात, शेंगदाण्याची आमटी, ताक असे दोन वेळा थोडे थोडे घेतले. दुपारी दोनला मोजली, १४८. ती त्याच पायरीवर बसून फोनवर आकडा सांगत होती. ॲपने त्या दिवशी लाल वर्तुळ दाखवले.

या सर्व खटाटोपात आमच्याकडच्या पंचवीसेक पदार्थांचा एक तक्ता मराठीत तयार झाला आहे: पीठ किती, कर्बोदके किती, वाटी कोणती. ज्यांच्या घरी मधुमेह आहे अशा दोन मैत्रिणींनी तो उतरवून नेला. आणखी कोणास हवा असेल तर वसतिगृहात माझ्या खोलीवर यावे. मात्र नेण्यापूर्वी आपल्या घरची एक वाटी सोबत आणावी, म्हणजे पाणी ओतून मापून देता येईल.